कुमुदबाई कंडक्टर झाल्या तेव्हा

लग्नात सगळ्यात जास्त चालतो तो बँडवाला आणि सगळ्यात शेवटी जेवतो तोही बँडवालाच. नवरदेव घोड्यावर असतो. वऱ्हाडी नाचतात म्हणजे जागच्या जागी उड्या मारतात. चालतो फक्त बँड, तोही तोंडात वाद्य धरून, लाल कोट घालून, डोक्यावर पिसांची टोपी चढवून, मे महिन्याच्या उन्हात. नांदेडचा उन्हाळा काय चीज आहे हे ज्याला माहीत नाही त्यानं भर दुपारी एकदा पितळी वाद्य ओठाला लावून बघावं. ओठ सोलून निघतो. अशा उन्हात माझी उभी हयात गेली. मी क्लॅरिनेट वाजवायचो, आणि आमच्या धंद्यात क्लॅरिनेटवाला म्हणजे बँडचा मास्तर. सगळा गाव मला मास्तर म्हणतो, म्हणून नवखी माणसं विचारतात, "कोणत्या शाळेवर होता?" मी सांगतो, "रस्त्यावरच्या."

वाजवणं आमच्याकडं वडिलांपासून. निळ्या झेंड्यांच्या मिरवणुकीत वडील पुढं असायचे. थोरला भाऊ शिकला, सरकारी नोकरीला लागला. मी फुंकत राहिलो. आईला दोघांचंही कौतुक होतं, पण पाहुण्यांना सांगताना ती भावाचं आधी सांगायची. माझं नाव निघेपर्यंत चहा संपलेला असायचा.

या अंकाचे संपादक म्हणाले, वरातीतल्या गमतीजमती लिहा. गमती लई आहेत. हिमायतनगरकडच्या एका गावात वरात मुलीच्या दारात पोचायच्या बेतात होती आणि मुलीचे आजोबा हात जोडून आडवे आले. मला वाटलं, मानपानाचं काही बिनसलं. म्हातारा म्हणला, "मास्तर, बंद करू नका, अपशकुन होतो. पण हळू वाजवा. म्हैस व्याली हाय, पहिलारू हाय, बिथरंल." आता पितळी बँड हळू वाजवा म्हणणं म्हणजे माणसाला जरा बेतानं शिंक म्हणण्यासारखं आहे. तरी आम्ही वाजवलं. फुंक अशी धरली की वाद्याला कळू नये. ढोलवाल्यानं काठी टाकून बोटांनी ताल धरला. वऱ्हाडी चवड्यावर नाचले. गोठ्यावरून वरात गेली तशी म्हशीनं एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. इतकी समजूतदार दाद मला पुढं फार कमी मिळाली.

भोकरचा प्रसंग निराळा. लग्नाआधी नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला वाजतगाजत नेतात, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. त्या दिवशी एकाच मुहूर्तावर दोन लग्नं, मारुती एकच, आणि दोन बँड समोरासमोर. तो एक गाणं वाजवतोय, आम्ही दुसरं. हटायला कुणीच तयार नाही. अशा वेळी नवशिका वादक समोरच्याच्या तालात वाहून जातो. मी माझ्या माणसांना ओरडून सांगितलं, "कान बंद, डोळा उघडा!" वाचणाऱ्याला हे उलटं वाटेल, पण बँड कानावर चालतच नाही. ढोलाशेजारी उभं राहिलेल्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही, दुसऱ्याचा कुठला? सगळे मास्तरच्या क्लॅरिनेटकडं बघतात. ती वर गेली की सुरू, खाली आली की बंद. त्या दिवशी आम्ही डोळ्यांवर निभावलो. समोरचा बँड मात्र अर्ध्यातून आमचंच गाणं वाजवायला लागला, आणि त्यांच्या नवरदेवाचा मामा त्यांच्यावर असा भडकला की विचारू नका.

अशी माझी विद्या. माझ्या इशाऱ्यावर माणसं फुंकायची. पण मला जे आज सांगायचंय ते मी दुसऱ्याच्या इशाऱ्यावर फुंकलो त्या दिवसांबद्दल आहे.

कुमुदबाई कोण हे आमच्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. बाई शिरूर अनंतपाळच्या. वडील तिथं शाळेवर होते, खरेखुरे मास्तर. बाई लहानपणी मुंबईला गेल्या आणि पुढं रेडिओवरून घरोघरी आल्या. त्यांचं एक पाठवणीचं गाणं आहे. त्या गाण्याशिवाय आमच्याकडं मुलगी सासरी गेलेली मला आठवत नाही. नवरीचा बाप तोवर धीरानं उभा असतो, पाहुण्यांना जेवलात का विचारत असतो. त्या गाण्याची पहिली ओळ क्लॅरिनेटमधून निघाली की तो खिशात रुमाल शोधायला लागतो. किती बापांना मी रडवलं असेल देव जाणे. माझ्या स्वतःच्या मुलीच्या पाठवणीला मीच वाजवायला उभा राहिलो आणि दुसऱ्या ओळीत फुंक तुटली. शेजारी रज्जाकभाई होता, आमचा ट्रम्पेटवाला, मूळ लातूरचा. त्यानं माझ्याकडं न बघता गाणं उचललं आणि मुलगी गाडीत बसेपर्यंत नेलं. नंतर म्हणला, "मास्तर, बाप बनके बजाते नक्को. बापानं फक्त रडायचं."

पुढं डीजे आला. एका टेम्पोत आमच्या सगळ्यांच्या छात्यांपेक्षा मोठा आवाज मावतो म्हणल्यावर आम्हाला कोण विचारतो? पोरं पांगली. कुणी रिक्षा घेतली, कुणी मोबाईलच्या दुकानात बसला. मी आणि रज्जाकभाई सणासुदीला जुन्या ओळखीवर वाजवून राहिलो होतो, त्यातच लातूरहून कुलकर्णी सरांचा फोन आला.

कुलकर्णी सर म्हणजे कॉलेजातून रिटायर झालेले मराठीचे प्राध्यापक. लातुरात गाण्याचे कार्यक्रम ठेवणं हा त्यांचा शौक. आणि मराठीत इंग्रजी शब्द आला की त्यांना खडा लागल्यासारखं होतं.

"मास्तर, कुमुदिनीबाई येतायत. आपल्याकडचे वादक घेऊन वाद्यवृंद करायचा म्हणतायत. फुंकणारी माणसं इथलीच हवीत असा त्यांचा हट्ट आहे."

मी विचारलं, "गाणार बाईच ना?"

"गाणार कुणीच नाही. त्या समोर उभ्या राहून ते करणार. ते हो, छडी हलवतात ना."

"कंडक्टर?"

"छे छे. वाहक म्हणा."

मला वाटलं, सर गंमत करायलेत. लातूरला उतरलो तर चौकात फलक लागलेला. बाईंचा मोठा फोटो आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'वाद्यवृंद वाहक'. फलकाखाली दोघं-तिघं उभे. एकजण दुसऱ्याला विचारत होता, "एवढ्या मोठ्या बाई, येष्टीत कामून लागल्या?" दुसरा म्हणला, "मानाची नेमणूक असंल. पगारी न्हाई." रज्जाकभाईनं फलकाकडं बघून विचारलं, "मास्तर, वाहक बाई आहेत, तर चालक कोण? मैं नै बाबा. माझं लायसन संपलंय."

तालमी एका मंगल कार्यालयात होत्या. लग्नं नव्हती, म्हणून हॉल मोकळा होता. ज्या हॉलमध्ये आम्हाला आजवर मागच्या दारानं यायला लागायचं तिथं पुढच्या दारानं आत गेलो, खुर्चीवर बसलो, मला तेवढ्यानंच अवघडल्यासारखं झालं. एका बाजूला आम्ही फुंकणारे, म्हणजे मी, रज्जाकभाई आणि फोन करकरून पुन्हा गोळा केलेली आमची पांगलेली पोरं, दुसऱ्या बाजूला व्हायोलिनवाले. त्यांत लातुरातले संगीत शिकवणारे काही जण आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला पुण्याहून आलेले जोशी. जोशी माणूस हुशार, पण आमच्याकडं बघताना त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव की आता हे लोक 'नागीण' डान्सच सुरू करतील.

बाई आल्या. उंचीनं एवढ्याशा, पांढरे केस, गळ्याभोवती उपरणं गुंडाळलेलं. सगळे उठून उभे राहिले. बाईंनी दार लावून घ्यायला सांगितलं. म्हणजे हातानं खूण केली. मग बोलल्या, आणि आमच्यातला एकही जण जागचा हलला नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा आवाज. हा गळा आम्ही जन्मभर ऐकलेला!

"गळ्याचं ऑपरेशन झालं," त्या म्हणाल्या. "त्यात आवाज गेला. बाहेर कुणाला माहीत नाही. कळलं की लोक हळहळायला येतील, ऐकायला येणार नाहीत. मला ते नको आहे." (आज हे लिहितोय ते त्यांना विचारूनच.) मग म्हणाल्या, "गाणं डोक्यात अजून सगळंच्या सगळं वाजतं. तोंडातून येत नाही. तुमच्या तोंडून येतं का, ते बघायचंय. नाही आलं तर संपलं म्हणेन आणि घरी जाईन."

शेजारी रज्जाकभाईनं डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्याचं मला दिसलं.

कुलकर्णी सरांनी वातावरण हलकं करावं म्हणून की काय, फलकाची हकीकत सांगितली. बाई हसल्या. आवाज न करता, खांदे हलवून. म्हणाल्या, "सर, चुकलात कुठं? पुढं सरका, पुढं सरका म्हणायचं काम आता माझंच." तेव्हापासून सुरू करायचं असलं की आमच्यात कुणीतरी म्हणायचं, "डबल बेल!" आणि थांबायचं असलं की सिंगल. जोशींना आधी कळेना. नंतर तेही म्हणायला लागले.

बाईंनी एक मोठी रचना बांधून आणली होती. शब्द नाहीत, नुसते सूर. आधी व्हायोलिन मंद, मग आम्ही एकेक मिसळत जायचं, असं ते वाढत न्यायचं. कागदावर सोपं होतं. वाजवायला घेतलं आणि सगळा चुथडा झाला.

कशामुळं ते सांगतो. गाणाऱ्या माणसाचा हात बघितलाय? सूर लागतो आणि मग हात त्याला गोंजारतो. हात गळ्याच्या मागून येतो. समोर उभं राहून वाजवून घेणाऱ्याचं नेमकं उलटं असतं. त्याचा हात सुराच्या आधी यावा लागतो, कारण हात बघून आम्ही फुंकणार. बाईंचा हात सगळी हयात गळ्याच्या मागून चाललेला. आता गळा नाही, पण हात त्याची वाट बघायचा. छडी खाली यायची तेव्हा सूर तिथं असायला हवा होता, आणि आम्ही तर छडीची वाट बघत बसलेलो. त्या आमच्यासाठी थांबणार, आम्ही त्यांच्यासाठी थांबणार. रचना पार उताणी पडायची. बाई कुजबुजत ओरडायच्या, "पुढं सरका! पुढं सरका!" पण सरकणार कुणीकडं? मी माझ्या माणसांना म्हणलो, "म्हशीपुढं वाजवलं होतं तसं वाजवा, आवाज तरी कमी करा." जोशींनी माझ्याकडं असं बघितलं की मी म्हशीची गोष्ट सांगायचं टाळलं.

रोज तेच. बाई घामाघूम व्हायच्या. छडी सोडून नुसत्या हातानं बघितलं, मान हलवून बघितली, पायानं ताल धरून बघितला. ताल जमायचा, पण ते ढकलगाडीसारखं व्हायचं. एकदा थकून खुर्चीवर बसल्या आणि उपरण्यात तोंड लपवलं. आम्ही सगळे भिंतीकडं बघत बसलो.

कार्यक्रम जवळ आला तशी कुलकर्णी सरांची झोप उडाली. दुपारच्या सुटीत त्यांनी मला आणि जोशींना बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

जोशी म्हणाले, "हे उभं राहणार नाही. मास्तर, तुमची माणसं तुमच्याकडं बघून वाजवतात. तुम्ही पुढं बसा, क्लॅरिनेटनं इशारा द्या. आम्हीही तुमच्याकडंच बघू. बाई मधे उभ्या राहतील, छडी हलवतील. लोकांना काय कळतंय?"

सर म्हणाले, "बाईंची अब्रू वाचेल हो."

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, आवाज म्हणजे ती हवाच, पण धारदार.

"बाहुली करलालाव व्हय मला?"

पन्नासेक वर्षं मुंबईत काढलेली बाई, बोलणं एकदम शुद्ध. रागासरशी शिरूरची बोली बाहेर पडली. सर तर गारच पडले. बाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. माझ्या खांद्यालाही पुरत नव्हत्या, पण मी एक पाऊल मागं सरकलो.

"मास्तर, तुमी काय म्हनलाव ह्यांना?"

"अजून काही म्हणलो नाही, बाई."

"मग मला सांगा."

मी म्हणलो, "तुमचा हात मागून येतोय हे खरं आहे, बाई. खोटं कशाला बोलू? पण मी पुढं बसलो तर हे मी वाजवतो तसं वाजंल. लग्नाचा बँड होईल. तुमच्या डोक्यात जे आहे ते मला ऐकू येत नाही. मी ते कुठून आणू?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. राग उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते बघवेना. "ऐकू येत नाही, हेच तर," त्या म्हणाल्या. "चला आत. कसं आहे ते दाखवते."

आत सगळे चहा पीत होते, बाईंना बघून त्यांनी कप ठेवून वाद्यं उचलली, मीही जागेवर बसलो. बाईंनी छडी खुर्चीवर टाकली, आमच्या फुंकणाऱ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. आम्ही फुंकणाऱ्यांनी जिथं मिसळायचं ती जागा त्यांच्या मनात चालू असावी, कारण मान हळूच डोलत होती. मग त्यांनी श्वास घेतला.

मी अनेक गाणारे बघितलेत. पण तसा श्वास घेताना कुणाला बघितलं नव्हतं. पाठ सरळ झाली, बरगड्या उघडल्या, खांदे जागेवरच राहिले, आणि तोंड उघडलं. त्या विसरल्या होत्या. गळा नाही हे विसरून त्यांनी गायला तोंड उघडलं होतं.

आवाज आला नाही. पण त्याच क्षणी आम्ही वाजलो. मी, रज्जाकभाई, मागचे सगळे फुंकणारे, एकदम, एका सुरात, एका वजनात. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. फुंकणाऱ्या माणसापुढं कुणी तसा श्वास घेतला की त्याची छाती आपोआप भरते, जांभईसारखंच असतं ते. भरलेली छाती मोकळी व्हायला सूर मागते. जो सूर बाईंच्या गळ्यातून यायचा तो आमच्या तोंडून आला आणि हॉलभर पसरला. हलका, गोल, जरासा थरथरणारा. आम्ही लग्नात तसा सूर कधी लावला नव्हता. मलाच कळेना की हे आपण वाजवतोय.

बाईंनी डोळे उघडले. तोंड तसंच उघडं होतं. हात गळ्यावर गेला. मग त्या खाली खुर्चीवर बसल्या, छडीवरच बसल्या, ती कडकन मोडली, आणि हसत-रडत बसल्या. कुलकर्णी सरही रडत होते. त्यांना काय झालंय ते कळलं होतं की नाही कोण जाणे, पण ते रडत होते. रज्जाकभाईनं बाहीनं नाक पुसलं आणि म्हणला, "हौ मास्तर! मिल गई डबल बेल!"

त्या दिवसापासून आम्ही हात बघणं सोडलं. बाईंचा श्वास बघायचा. तोंड उघडायच्या आधी बरगडी कशी हलते ते बघायचं. लांब ओळ असली तर श्वास खोल, छोटी असली तर नाकानं चटकन. कुठं वाढवायचं, कुठं सोडायचं, सगळं त्यात. हात मग खुशाल मागून येऊ दे, सुराला गोंजारू दे. अडचण आली ती व्हायोलिनवाल्यांची. त्यांना वाजवायला श्वास लागतच नाही. निम्मे तर श्वास रोखूनच वाजवतात. जोशींनी स्वतःच आपल्या माणसांना सांगितलं, "श्वास घ्या. बाईंबरोबर घ्या. गज नंतर ओढा." आणि मग पुण्याचा हा माणूस सुटीत रज्जाकभाईशेजारी बसून पोटातून श्वास कसा घ्यायचा ते शिकत होता. रज्जाकभाई त्याच्या पोटावर हात ठेवून म्हणायचा, "हां, इधर से. छातीतून नक्को." मला त्या दोघांचा एक फोटो काढून ठेवायला हवा होता. राहून गेलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. शिरूर अनंतपाळहून जीपा भरून माणसं आली होती, आपल्या गावच्या बाईंना ऐकायला. ऐकायला म्हणजे गाणं ऐकायला. वाहक म्हणजे काय हे कुणाला कळलंच नव्हतं, आणि ज्यांना कळलं होतं त्यांनाही वाटत होतं की आधी जरा छडी-बिडी हलवतील, मग गातील. पडद्यामागून बाई लोकांकडं बघत होत्या. मला म्हणाल्या, "ह्यातले कितीतरी जण माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलेत, मास्तर."

रचना आम्ही वाजवली. मी स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण चांगली वाजवली. बाईंच्या डोक्यात होतं तसं होतं का हे मी नंतर विचारलं नाही. वाजवताना त्यांचा चेहरा बघितला, तेवढं मला पुरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, पण पाहुण्याच्या घरी नवा पदार्थ खाल्ल्यावर चांगला झालाय म्हणतात तशा. टाळ्या संपल्या आणि मागून एक हाक आली.

"बाई, गाणं!"

मग दुसरी. मग सगळीकडून. "ती काठी ठिवा अन् गावा की बाई!" लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं. माया होती सगळी. पण विंगेत कुलकर्णी सरांचा चेहरा पांढराफटक. बाईंनी माईकवर एक शब्द जरी काढला असता तरी सगळं उघडं पडलं असतं. मग हळहळ, मग "अरेरे", मग मोबाईलवर फोटो. त्यांना जे नको होतं तेच झालं असतं, आणि तेही स्वतःच्या माणसांसमोर.

बाई लोकांकडं वळल्या. हात जोडले. सभागृह एकदम चूप झालं, आता गाणार म्हणून. बाई तशाच हात जोडून उभ्या राहिल्या आणि माझ्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला. मग त्या वळल्या. पाठ लोकांकडं, तोंड आमच्याकडं. नवी आणलेली छडी बाजूला ठेवली. माझ्याकडं बघून ओठांनी एकच शब्द केला.

पाठवणी.

ते गाणं कार्यक्रमात नव्हतं. कागद नव्हते. पण त्या गाण्याला आम्हाला कागद कशाला? रज्जाकभाईनं ट्रम्पेट मांडीवर ठेवून दिला, मला मोकळी वाट करून दिली. बाईंनी श्वास घेतला आणि मी क्लॅरिनेट लावली.

आणि बाई गायल्या. सगळं गाणं, शब्दन् शब्द, आवाजाशिवाय. तोंड पूर्ण उघडून, भुवया उचलून, जिथं हरकत आहे तिथं मान हलवून, जिथं आवाज कापरा व्हायचा तिथं हनुवटी कापत होती. मी त्यांच्या ओठांवरून वाजवत होतो. त्या ओळ लांबवायच्या, मी लांबवायचो. त्या थांबायच्या, मी थांबायचो. व्हायोलिनं अगदी खालून, ऐकू येईल न येईल अशी. लोक आपोआप गुणगुणायला लागले, पण हळू, बाईंच्या आवाजाला धक्का लागू नये अशा बेतानं. त्यांना फक्त पाठ दिसत होती आणि श्वासाबरोबर उचलली जाणारी बरगडी. तोंड आम्हालाच दिसत होतं. त्या गाण्यात मी शेकडो बाप रडताना बघितलेत. त्या दिवशी मला माझा बाप आठवला, माझी मुलगी आठवली, सगळं आठवलं, पण फुंक तुटू दिली नाही.

गाणं संपल्यावर काय झालं ते लिहीत बसत नाही. लोक उठून उभे राहिले, एवढं पुरे.

मी क्लॅरिनेट पुसत बाहेर पायऱ्यांवर आलो. म्हणलं जरा हवेला बसावं. शिरूरच्या जीपा तिथंच लागलेल्या होत्या. एक म्हातारी सुनेचा हात धरून पायऱ्या उतरत होती. माझा लाल कोट बघून थांबली.

"तुमी वाजिवलाव नव्हं? लई ग्वाड वाजिवलं, भाऊ." मग माझा हात धरून म्हणाली, "पर कुमुदीचा आवाज बगा. ह्या वयात! हाय तसाच हाय. आमी ल्हानपणी संगट खेळलेलो. मला वाटलं, आता म्हातारी झाली, गळा बसला असंल. न्हाई बाई. हाय तसाच हाय."

मला आधी वाटलं, म्हातारी चेष्टा करायलीय. सुनेकडं बघितलं. सून डोळे पुसत म्हणाली, "खरंच, काका. अंगावर काटा आला."

"कुठं बसला होतात, आजी?"

"मागं, खांबाकडंला. नीट दिसत नव्हतं. पर ऐकू आलं की. सगळं ऐकू आलं."

मी म्हणलो, "हाव आजी. आवाज हाय तसाच हाय."

म्हातारी जीपमध्ये बसली. मी आत गेलो. बाई आरशासमोर एकट्याच बसल्या होत्या, गळ्याभोवतीचं उपरणं सोडून ठेवलेलं. ऑपरेशनची खूण मी पहिल्यांदा बघितली. सांगावं की नाही कळेना. मग सांगितलं, खांब, सून, लहानपणीचं खेळणं, सगळं, म्हातारीच्याच शब्दांत.

बाई आरशातून माझ्याकडं बघत होत्या.

"तुम्ही काय म्हणलाव?"

"मी हाव म्हणलो."

त्यांनी मान खाली घातली. हात मांडीवर गच्च धरून ठेवले. मग वळून माझ्याकडं बघितलं, शाळेतली पोर बघते तसं, आणि कुजबुजल्या, "अजून एकदा सांगा, मास्तर. ती काय म्हणली ते."

मी अजून एकदा सांगितलं.